शेजारच्या देशाचा जावई

त्या शेठला आडवा पाडायचा हे मी ठरवलं, तेव्हा मी त्याच्याच शेजारच्या खुर्चीवर बसले होते आणि माझ्या तोंडात त्याच्याच डबीतली बडीशेप होती. निविदा हल्ली कॉम्प्युटरवर भरतात आणि कॉम्प्युटरवरच उघडतात, पण आमच्या नंदुरबार जिल्ह्यात त्या यंत्रावर अजून कुणाचा विश्वास बसलेला नाही. निविदा उघडायच्या दिवशी सगळे ठेकेदार जातीने ऑफिसात येऊन बसतात. एकमेकांच्या पोटावर पाय द्यायला आलेली माणसं एकमेकांच्या पोराबाळांची चौकशी करतात, चहा मागवतात, डबी पुढे करतात. त्या बाकावर मी एकटीच बाई असायचे, म्हणून डबी आधी माझ्यापुढे यायची.

ऑफिस कुठलं ते लिहीत नाही. काम होतं धडगावच्या वरच्या अंगाला असलेल्या पाड्यांवर सौर पंप बसवायचं. बोअरमध्ये पंप, शेजारी लोखंडी मनोरा, मनोऱ्यावर टाकी आणि पॅनल. असले मनोरे आम्ही आमच्या खांडबाऱ्याच्या वर्कशॉपमध्ये बनवतो. घाटातली वळणं अशी आहेत की अख्खा मनोरा घेऊन ट्रक वर जातच नाही. मोठे ठेकेदार तो वळणावर अडकवून बसतात आणि मग क्रेन शोधत फिरतात. आमचा जावई मनोरा खाली वर्कशॉपमध्ये पूर्ण उभा करून बघायचा, मग त्याचे तुकडे करायचा, तुकडे जीपच्या टपावर बांधायचा आणि पाड्यावर जाऊन पुन्हा जोडायचा. ही युक्ती त्याची. डोंगरात वाढलेल्या माणसाला घाटाचा अंदाज असतो.

हा जावई म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीचा नवरा, वर्कशॉपमधला माझा भागीदार आणि नेपाळचा माणूस.

शेठने डबी खिशात टाकली आणि तो उभा राहिला. तो तापीकाठच्या मोठ्या शेतकरी घरातला, दोन तालुक्यांत त्याची कामं चालतात, त्यामुळे तो उभा राहिला की साहेबही मान वर करतात.

"साहेब, एक हरकत शे," तो आपल्या अहिराणीत म्हणाला. "या ताईसना भागीदार नेपाळना शे. शेजारना देशना मानूसले काम देता येत नही. नियम शे."

नियम खरा आहे. काही वर्षांपूर्वी तो वरून आला. ज्या देशांची हद्द आपल्या देशाला लागून आहे, तिथल्या माणसाला, तिथल्या पैशावर चालणाऱ्या कंपनीला सरकारी काम द्यायचं नाही. द्यायचंच तर आधी दिल्लीत नोंद हवी. हा नियम कुणाला डोळ्यासमोर ठेवून केला ते शेंबड्या पोरालाही माहीत आहे. पण त्यात देशाचं नाव घातलेलं नाही. म्हणून प्रत्येक ठेकेदाराला लिहून द्यावं लागतं की आमच्यात असा कुणी मालक नाही, भागीदार नाही, असला पैसा आम्ही घेतलेला नाही. भागीदारांच्या रकान्यात मी जे खरं तेच लिहिलं होतं. एक भागीदार, नागरिकत्व नेपाळचं. असल्या नियमात नेपाळचा माणूसही परदेशी धरतील हे आमच्या घरात कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं.

साहेबांनी चष्मा वर केला. "ताई, हे तर तुम्हीच लिहून दिलंय."

मागच्या रांगेतून कुणीतरी विचारलं, "तो चिनी का?"

सगळे हसले. साहेबही हसले. खांडबाऱ्याच्या बाजारात जावयाला सगळे चिनीच म्हणतात. बारीक डोळे दिसले की आमच्या लोकांचा भूगोल तिथेच संपतो. इतकी वर्षं मी ते कानाआड केलं होतं, कारण बाजारात कुणाला लंगडा म्हणतात, कुणाला काळू म्हणतात, त्यातलाच हा एक प्रकार असं वाटायचं. पण बाजारात हाक मारणं वेगळं आणि ऑफिसात साहेबासमोर तेच नाव घेऊन आमचं काम बाद करणं वेगळं. जावई त्या वेळी दारातच उभा होता. गाडी त्यानेच आणली होती. सगळे हसले तेव्हा आपल्यालाही हसू आलं असं त्याने दाखवलं. ते हसू मी पाहिलं आणि तोंडातली बडीशेप रुमालात थुंकून टाकली.

काम शेठला गेलं.

आमच्या नवापूरकडच्या डोंगरातल्या कोकणी आदिवासी घरांत घरजावई ठेवणं ही काही लाजेची गोष्ट नाही. घरात मुलगा नसेल, किंवा देज, म्हणजे मुलीच्या बापाला द्यायचे पैसे, द्यायची ऐपत नवऱ्या मुलाकडे नसेल, तर तो सासऱ्याकडे राहतो, राबतो, आणि राबून दाखवलं की त्याला वाटा मिळतो. आम्ही दोघी बहिणी. मी लग्न केलं नाही, आणि त्याचं कारण ज्यांना हवं असतं त्यांना मी उत्तर देत नाही. जावई आला तेव्हा विशीतला होता. त्याचा चुलता बाजारपेठेत राखणीला होता, त्याच्या मागोमाग हा आला आणि दिवसा आमच्या बापाच्या वर्कशॉपमध्ये येऊन बसायला लागला. बापाला तो आवडला, पण त्याच्याही आधी तो बहिणीला आवडला. पाद्रीबाबांनी गावच्या ख्रिस्ती देवळात त्यांचं लग्न लावलं. आमच्या घरची बोली तो शिकला, नागलीची भाकरी थापायला शिकला, आणि माझ्याशी भांडायला तर फारच लवकर शिकला.

वाटा द्यायची वेळ आली तेव्हा मात्र बापापुढे प्रश्न पडला. आदिवासीची जमीन बाहेरच्या माणसाच्या नावावर होत नाही, आणि हा तर पार सरहद्दीबाहेरचा. म्हणून बापाने शेत आम्हा दोघींच्या नावावर केलं आणि जावयाला वर्कशॉपमध्ये निम्म्याचा भागीदार केलं. वकिलाकडे नेऊन रीतसर केलं. घरी येताना बाप मला म्हणाला, "शेतातून याला कुणी काढू शकतं. इथून कुणी काढू नये." त्यानंतर दोन पावसाळे झाले आणि बाप गेला. सांगायचा मुद्दा एवढाच, की आमच्या मुलखात जावयाचं म्हणून जे काही होतं, ते त्या वर्कशॉपमधलं निम्मं होतं. दुसरं काही नव्हतं. शेठने हात घातला तो नेमका त्याच्यावर.

काम गेल्यावर आठवडाभरात जावई मला म्हणाला, "ताई, माझं नाव काढून टाक. मी काय, काम तर करतोच आहे."

मी त्याच्यावर एवढी ओरडले की शेजारच्या पिठाच्या गिरणीतली माणसं बाहेर आली. बापाने दिलेलं मी काढणारी कोण, आणि तू सोडणारा कोण, असं बरंच काही बोलले. बहिणीने मला हाताला धरून घरात नेलं.

मग मी तो नियम मिळवला आणि वाचायला बसले. सरकारी मराठी वाचायला माणूस मुळात चिडलेला असावा लागतो, नाहीतर झोप येते. मी चिडलेली होतेच. वाचता वाचता कळलं की त्या नियमाच्या जोडीला दुसरा एक आदेश आहे. ज्या देशांना आपला देश कर्ज देतो, किंवा जिथे आपली विकासाची कामं चालू आहेत, त्या देशांना हा नियम लागूच नाही. नेपाळात आपली किती कामं चालू आहेत ते वर्तमानपत्र वाचणाऱ्या कुणालाही माहीत असतं. म्हणजे शेठची हरकत फुसकी होती. साहेबांनी उलटून बघायचे कष्ट घेतले असते तर ती तिथल्या तिथे निकालात निघाली असती.

मी ते घेऊन साहेबांकडे गेले. साहेब वाचून म्हणाले, "बरोबर दिसतंय. पण आता काम देऊन झालं ताई. पुढच्या वेळी बघू." बाहेर शेठ भेटला. त्याने हात जोडले. "ताई, राग मानू नका. धंदा शे हाऊ."

पुढे लोक मला म्हणाले की तू न्यायासाठी लढलीस. न्याय वगैरे काही नाही. मला सूड हवा होता. शेठने कामासाठी आमच्याशी झोंबी घेतली असती तर मी समजून घेतलं असतं, मीही कुणाला सोडलेलं नाही. पण त्याने आमचा माणूस भर ऑफिसात उघडा केला, त्याला हसायला लावलं, आणि वर मला धंदा शिकवला. त्या वर्षभर आम्ही फाटकं आणि खिडक्यांच्या जाळ्या करून दिवस काढले. जावई धूर डोळ्यांत घेत जाळ्या जोडत बसायचा आणि मी समोर बसून शेठचं वाटोळं कसं करावं याचा विचार करत असायचे. सांगायला मला लाज वाटत नाही. तो विचार करताना मला बरं वाटायचं.

वाट बहिणीने दाखवली, तीही न कळत. एकदा चुलीपुढे बसून ती म्हणाली, "याला चिनी म्हणतात, आणि शेठकडे खराखुरा चिनी आला होता त्याला मात्र हार घातले."

मी हातातलं ताट खाली ठेवलं.

ती गोष्ट मला माहीत होती, पण मी विसरून गेले होते. आमचं काम जायच्या आदल्या वर्षी शेठने गुजरातच्या हद्दीत पॅनल जोडायचा कारखाना काढला होता, आणि त्यात एका चिनी माणसाने बराच मोठा पैसा घातला होता. तो पाहुणा म्हणून शेठच्या मळ्यात आला तेव्हा शेठने खास गाडी पाठवून जावयाला बोलावून नेलं. कशाला, तर दुभाष्या म्हणून. नेपाळी आणि चिनी एकच भाषा बोलतात, अशी शेठसकट सगळ्या पंगतीची खात्री होती. जावयाने खूप सांगून पाहिलं. शेठ म्हणाला, "तुम्हना मानूस शे. बोला ना, लाजू नका." आणि त्याला पाहुण्याच्या शेजारी बसवलं. वरण, बट्टी आणि वांग्याची भाजी होती. त्या बिचाऱ्याला बट्टी कशी खायची ते कळेना. तो ती सफरचंदासारखी चावायला लागला. जावयाने आपल्या ताटातली बट्टी कुस्करून, तूप घालून, वरण ओतून त्याला दाखवलं. मग त्या माणसाने मोबाइलवर आपल्या मुलीचे फोटो दाखवले, जावयाने आपल्या मुलाचे दाखवले. जेवण होईपर्यंत एकमेकांचा एक शब्दही दोघांना कळला नाही, आणि सगळी पंगत कौतुकाने बघत राहिली की यांचं कसं छान जमलंय. घरी येऊन जावयाने हे सांगितलं तेव्हा आम्ही हसून हसून लोळलो होतो.

म्हणजे शेठच्या कंपनीत शेजारच्या देशाचा पैसा होता. ज्या देशाला कसली सूट नाही, त्याच देशाचा. आणि आमच्यावर हरकत घेताना त्याच शेठने लिहून दिलं होतं की माझ्याकडे असलं काही नाही.

मी जावयाला म्हटलं, "पुढच्या निविदेला तू माझ्यासोबत यायचं. जे पाहिलंस ते साहेबांना सांगायचं."

"नको."

"नको म्हणजे काय? तुझं नाव घेऊन हसले ते."

"ताई, त्या माणसाने माझं काय वाईट केलं?"

"त्याने नाही, शेठने केलं."

"पण बोट तर त्याच्याकडेच दाखवायचं ना," तो म्हणाला आणि त्याने वेल्डिंगची काच डोळ्यांपुढे ओढली. त्या काचेआड गेलेल्या माणसाशी बोलता येत नाही.

तो येणार नसेल तर मला दुसरं काहीतरी हवं होतं. कंपनीचे कागद शेठ कुणाला दाखवणार नव्हता. मोबाइलवरचे फोटोही त्याने आमच्यावर हरकत घेण्याआधीच काढून टाकले असणार, तेवढा तो हुशार आहे. पण शेठला एक खोड आहे, आणि ती आमच्याकडच्या सगळ्याच मोठ्या माणसांना आहे. त्याला फ्लेक्स लावल्याशिवाय राहवत नाही. वाढदिवसाला फ्लेक्स, पोरगं बारावी झालं की फ्लेक्स, नवीन ट्रॅक्टर आला तरी फ्लेक्स. शेठचं सगळं आयुष्य आम्ही चौकात उभं राहून वाचलेलं आहे. मग परदेशातून भागीदार येतो आणि शेठ गप्प बसतो, हे शक्यच नव्हतं. मला पुसट आठवतही होतं. सूट घातलेला एक माणूस, शेजारी हात जोडलेला शेठ, मागे सातपुडा.

फ्लेक्स उतरला की कचऱ्यात जात नाही. आमच्याकडे तो कडब्यावर, कापसावर, गोठ्याच्या छपरावर जातो. कितीतरी पुढारी आमच्या म्हशींवर पावसाळाभर आपलं तोंड धरून असतात. मी फ्लेक्स बांधणाऱ्याला गाठलं. तो म्हणाला, शेठचे सगळे जुने फ्लेक्स कळसाडीला त्यांच्या नातेवाइकाच्या खळ्यात जातात.

मी शहाद्याहून एक नवीकोरी ताडपत्री घेतली आणि कळसाडीला गेले. कापूस वेचायचे दिवस होते. खळ्यात त्या घरातली म्हातारी एकटीच होती. आमचा बैलगोठा गळतोय, जुना फ्लेक्स असेल तर द्या, बदल्यात ही ताडपत्री ठेवा, असं मी तिला सांगितलं. नवी ताडपत्री देऊन जुना फ्लेक्स मागणारी बाई तिने जन्मात पाहिली नसेल. माझ्या डोक्यावर परिणाम झालाय हे तिच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं.

"दखी ले, जो पाहिजे तो लई जाय," ती म्हणाली.

मी एकेक उलटून बघत गेले. शेठचा वाढदिवस. शेठचा पुन्हा वाढदिवस. सगळ्यात खाली, ऊन लागून निळा पडलेला, एका कोपऱ्याला उंदरांनी खाल्लेला, तो होता. सूट घातलेला माणूस, त्याच्या खाली ठळक अक्षरांत लिहिलेलं, "चीनहून आलेले आमच्या कंपनीचे भागीदार व मुख्य गुंतवणूकदार यांचे नंदनगरीत सहर्ष स्वागत". स्वागतोत्सुक म्हणून शेठ, शेठचा मुलगा, शेठचा मित्रपरिवार आणि कंपनीचं पूर्ण नाव.

म्हातारी डोकावून म्हणाली, "हाऊ कोन शे काय माहीत. दोन वरीस आम्हना कापूसवर झोपेल शे."

त्या दिवशी परत येताना मी गाडीत एकटी हसत होते. गाडीवाल्याने दोनदा मागे वळून बघितलं.

पुढची निविदा त्याच पाड्यांच्या पलीकडच्या पाड्यांची होती. बाकावर तीच माणसं, तोच चहा. शेठने पुन्हा तेच लिहून दिलं होतं. माझ्या वेळेला मी उभी राहिले आणि साहेबांना म्हटलं, शेठला सगळ्यांसमोर एकदा विचारा, शेजारच्या देशाचा भागीदार किंवा पैसा त्यांच्या कंपनीत आहे का. साहेबांनी विचारलं. शेठ हसून म्हणाला, "कोनी नही शे साहेब. ताईसले माझाच विचार शे दिनरात."

मी फ्लेक्स फरशीवर पसरला. उंदराने खाल्लेल्या कोपऱ्यावर मी पाय ठेवला, म्हणजे तो गुंडाळला जाऊ नये.

आधी कुणाला कळेना. मग वाचता येणाऱ्यांनी वाचलं आणि न वाचणाऱ्यांनी शेठचा फोटो ओळखला. मागून कुणीतरी म्हणालं, "अरे, हाऊ तं खरा चिनी." सगळी खोली हसली. साहेब खुर्चीतून उठून फ्लेक्सभोवती फिरून आले. मी थांबले नाही. मी म्हटलं, साहेब, हा माणूस आपला नाही, याचा पैसा आपला नाही, परदेशी माणसाला आपल्या डोंगरातल्या पाण्यात कशाला शिरू देता, आणि ज्याने खोटं लिहून दिलं त्याला या दारात पुन्हा उभं कशाला करता. आणखीही बोलले. माझा आवाज चढला होता आणि मला तो ऐकायला आवडत होता. शेठचा चेहरा भिजत घातलेल्या गव्हासारखा फुगला. खुर्ची मागे सारून तो बाहेर गेला तेव्हा त्याला वाट द्यायला कुणी उठलं नाही. वर्षभर मी ज्या गोष्टीची वाट बघितली ती इतकी मनासारखी होईल असं मलाही वाटलं नव्हतं. शेठची निविदा बाद झाली, खोटं लिहून दिल्याबद्दल त्याला नोटीस गेली, आधीची कामंही चौकशीत अडकली. अजून अडकलेली आहेत. मला त्याचा आनंद होतो. अजूनही होतो.

घरी मटण केलं. मी सगळं पहिल्यापासून सांगितलं, फ्लेक्सवर पाय कसा ठेवला तेही करून दाखवलं. बहीण हसली. जावयाने विचारलं, "हसले का सगळे?"

"हसले तर. शेठचं तोंड बघायला हवं होतंस."

"नाही, त्या फोटोला हसले का?"

"त्यालाही हसले," मी म्हटलं. तो जेवून उठला.

आता राहिले होते आम्ही. शेठ गेल्यावर सगळ्यात कमी दराची निविदा आमचीच होती. साहेबांनी मला बोलावलं. या खेपेला टेबलावर माझ्याच हाताने दिलेला तो आदेश होता, खुणा करून ठेवलेला.

"ताई, हा नियम तुम्हीच आम्हाला शिकवलात," साहेब म्हणाले. "आधी आम्ही सही बघून पुढे जायचो. आता प्रत्येकाचा भागीदार तपासावा लागतोय. शेठने वकील लावलाय. तो म्हणतोय, मला काढलं तर नेपाळवाल्यालाही काढा."

"नेपाळला सूट आहे. गेल्या वर्षी तुम्हीच बरोबर म्हणालात."

"तोंडी म्हणालो. आता प्रकरण वर गेलंय. मी माझ्या अंगावर कसं घेऊ? वरून लेखी आणा, नाहीतर भागीदार बदला. मुदत महिनाअखेरपर्यंत."

मी नाशिकला गेले, मुंबईला गेले. प्रत्येक टेबलावर त्यांनी वाचलं, मान हलवली, बरोबर आहे म्हणाले आणि लेखी द्यायला पुढच्या टेबलाकडे पाठवलं. सूट आहे हे सगळ्यांना दिसत होतं. पण शेठच्या प्रकरणानंतर सही करायची हिंमत कुणाला नव्हती. आरडाओरडा करून झाला, रडूनही झालं. मुदत संपायला थोडे दिवस राहिले असताना साहेबांचा फोन आला. म्हणाले, अभिनंदन ताई, अडचण मिटली, काम तुम्हाला देतोय.

मला वाटलं, लेखी आलं.

लेखी आलं नव्हतं. जावई आणि बहीण नंदुरबारला वकिलाकडे जाऊन आले होते. त्याने आपला निम्मा वाटा सोडला होता आणि तसं ऑफिसात कळवलं होतं. मला सांगितलं असतं तर मी होऊ दिलं नसतं, म्हणून सांगितलं नाही. मी वर्कशॉपमध्ये गेले तेव्हा तो पहिल्या मनोऱ्याचे लोखंडी अँगल कापत होता. मी त्याला काय वाट्टेल ते बोलले. बापाचं नाव घेतलं, बहिणीला मध्ये ओढलं. तो कापत राहिला. माझं संपल्यावर म्हणाला, "ताई, अजून एक वर्ष जाळ्या केल्या असत्या तर वर्कशॉप बंद पडलं असतं. मग निम्मं कशाचं?"

शेठला हेच हवं होतं. ऑफिसात मी त्याची अब्रू काढली, त्याची कामं बंद पाडली, त्याला बाकावरून उठवलं, आणि तरी त्याला जे हवं होतं ते झालं. मी केलं म्हणून झालं. शेठचा सूड मी अजून सोडलेला नाही, पण आता तो कशासाठी घ्यायचा हे मला नीट सांगता येत नाही.

मनोरे वर गेले. पाड्यांवर पाणी आलं. पाऊस लागला तशी भाताची लावणी आली. आमच्या घरात लावणीला वर्कशॉप बंदच असतं. बापाच्या वेळेपासून तसं आहे. कुणी कुणाला विचारत नाही, शटर खाली ओढायचं आणि शेतात जायचं. त्या दिवशी मी टेबलापाशी बसले होते. जावई आत आला नाही. दारात उभा राहिला, हातातले मोजे काढून त्याने बाजूला ठेवले.

"ताई, लावणीला चार दिवस सुट्टी पाहिजे होती," तो म्हणाला. "देशील का?"